यादी रोज होते, पण राहून जाते तेच काम महत्त्वाचे असते

वाघूरकाठ
12 जून, रात्री 10:40

मंडळी, नमस्कार.

गेली सहा वर्षे मी जळगावहून पाचोरा तालुक्यातील एका शाळेत अप-डाऊन करते. घरी सासरे (वय 74, जुना मधुमेह), पती, यंदा दहावी झालेली मुलगी आणि सातवीत गेलेला मुलगा आहे. पतींचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतून जळालेल्या मोटारी येऊ लागल्या की त्यांना जेवायलाही सवड नसते, हे या भागातल्या लोकांना सांगायला नको.

मी रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या कामांची यादी करते आणि दिवसभर ती पर्समध्ये बाळगते. कालच्या यादीत चौदा कामे होती. त्यांपैकी अकरा झाली, म्हणजे वरवर पाहता दिवस चांगला गेला. मात्र झालेली कामे म्हणजे गॅसची नोंदणी, इस्त्रीचे कपडे आणणे, नणंदेला निरोप, रिचार्ज, मुलाच्या दप्तराची चेन अशी होती. राहिलेली तीन अशी: मुलीच्या जात पडताळणीचे कागद, सासऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी आणि माझी स्वतःची दुखरी दाढ. ही तीन कामे एप्रिलपासून एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत आहेत. मी ती विसरत नाही. रोज स्वच्छ अक्षरात लिहिते आणि रोज पुढे ढकलते.

येत्या सोमवारपासून शाळा सुरू होत आहे आणि मग श्वास घ्यायलाही वेळ उरणार नाही. तुम्ही कामांचा क्रम कसा लावता, हे मला जाणून घ्यायचे आहे. एक विनंती आहे की "पहाटे लवकर उठा" असा सल्ला कोणी देऊ नये. मी पावणेपाचला उठते.

हिशेबनीस
13 जून, सकाळी 8:15

ताई, तुमच्या अडचणीवर सर्वांत परिचित उपाय म्हणजे चार खान्यांची चौकट. एका बाजूला महत्त्व आणि दुसऱ्या बाजूला तातडी मांडून प्रत्येक काम त्या चारांपैकी एका खान्यात टाकायचे. ही चौकट अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नावावर खपते. प्रत्यक्षात 19 ऑगस्ट 1954 रोजी इव्हान्स्टन येथील एका भाषणात त्यांनी एका माजी महाविद्यालय-प्रमुखांचा दाखला देऊन एवढेच सांगितले होते की प्रश्न दोन प्रकारचे असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे, आणि सहसा जे तातडीचे असते ते महत्त्वाचे नसते. खाने पुढे व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी पाडले.

मला तुमच्या अकरा आणि तीन या आकड्यांत अधिक रस वाटला. 2018 मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च' या नियतकालिकात झू, यांग आणि शी या संशोधकांचा एक लेख आला होता. त्यांच्या प्रयोगांत असे आढळले की दोन कामांपैकी एकाची मुदत लवकर संपणार असेल, तर लोक मोबदला कमी असूनही त्याच कामाकडे वळतात. मुदत नुसती दिसली तरी पुरते. म्हणजे तुम्ही आळशी किंवा अव्यवस्थित आहात असे अजिबात नाही. रिचार्जला मुदत आहे आणि दाढेला नाही, म्हणून रिचार्ज पुढे सरकतो.

वाघूरकाठ
13 जून, रात्री 9:50

धन्यवाद. आज दुपारी वहीत चौकट आखून पाहिली आणि तुम्हाला हसू येईल, पण चौदापैकी बारा कामे पहिल्याच खान्यात गेली.

नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि आले की दीड तासात टाक्या, पिंप, माठ, सगळे भरून घ्यावे लागते. ते तातडीचे आहे आणि महत्त्वाचेही आहे. सकाळची गाडी चुकली तर शाळेचा पहिला तास बुडतो, म्हणून तीही त्याच खान्यात. डबे तिथेच, सासऱ्यांची गोळी आणि नाश्ता तिथेच. ज्या माणसाला पाण्याची वाट पाहावी लागत नाही, त्याने ही चौकट काढली असावी असे मला वाटले. उरलेल्या दोन कामांत दाढ होती, आणि तिच्यासाठी खाना कोणताही असला तरी वेळ नाहीच.

तापीकाठ
13 जून, रात्री 10:20

या साऱ्या याद्या आणि चौकटी म्हणजे नव्या जमान्याचे खूळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या आईने पंधरा माणसांचे घर, चार म्हशी आणि सालदारांच्या भाकरी सांभाळल्या. तिला लिहिता येत नव्हते, तरी तिचे एकही काम कधी राहिले नाही. काम समोर आले की करून टाकावे. लिहीत बसण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात एक काम होते.

कांदेबाग
14 जून, सकाळी 6:05

ताई, मी रावेर तालुक्यातला शेतकरी. केळी सहा एकर आणि कापूस चार. तुमची पाण्याची गोष्ट वाचून आमच्या लाइटची आठवण झाली. (आमच्याकडे तिला वीज कोणी म्हणत नाही.) शेतीपंपाची थ्री फेज लाइट आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. ती पाळी मी बदलू शकत नाही. त्यामुळे ती माझ्या दृष्टीने "महत्त्वाचे काम" नाही आणि "तातडीचे काम" तर नाहीच. ती भिंतीतली खुंटी आहे. खुंटीचा क्रम लावत बसायचे नसते. ती जिथे ठोकली आहे तिथे आहे, आणि आपण आपले कपडे तिच्यावर टांगायचे.

माझ्या अनुभवाप्रमाणे तुम्ही खुंट्या आणि कामे एकाच यादीत लिहिता, म्हणून यादी चौदाची होते आणि छाती दडपते. पाणी, गाडी, डबा, गोळी या खुंट्या आहेत. त्या तुम्ही न लिहिताही होणारच. त्या कागदावरून काढून टाका आणि मग किती उरतात ते बघा.

दुसरे म्हणजे टांगण्याविषयी. केळीत पिले (खोडाशेजारी फुटणारे कोंब) कापणे हे असे काम आहे की आज नाही कापली तर काहीही बिघडत नाही. उद्याही नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी ती कापावी लागतात, आणि तीन महिने टाळली तर घडाच्या वजनात कळते. पण तेव्हा ओरडून उपयोग नसतो. कापसातले कामगंध सापळेही (नर पतंगांना गंधाने ओढून पकडणारे) तसेच. लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीची वेळ आली असे समजतात. मोजायला पाच मिनिटे लागतात. पहिल्या वर्षी मी "सापळे मोजणे" असे रोज ठरवले आणि रोज विसरलो. बोंड फोडून पाहिले तेव्हा आत अळी होती आणि हंगाम हातचा गेला होता. आता मोटार चालू करायला गेलो की आधी सापळे आणि मग स्टार्टर, असा नेम केला आहे. वेगळा वेळ काढला नाही. लाइटच्या खुंटीला ते काम अडकवले.

धुळेकर_गृहिणी
14 जून, दुपारी 1:30

कांदेबाग भाऊ, खुंटीची गोष्ट मनापासून पटली. मात्र तापीकाठ यांना उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

दादा, तुमच्या आईंच्या घरात पंधरा माणसे होती असे तुम्हीच लिहिता. त्यांत जावा किती होत्या, सासू किती कामाच्या होत्या आणि मोठ्या मुली कोणत्या वयापासून चुलीपाशी बसत होत्या, हेही मोजायला हवे. त्यांचे एकही काम राहिले नाही असे तुम्हाला वाटते, कारण त्यांची स्वतःची कामे कोणाच्याच नजरेस पडत नव्हती. त्यांची दाढ दुखत होती का, हे तुम्ही कधी विचारले होते का?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांना दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि ही कामे करणारे पुरुष 88 मिनिटे देतात. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनीही लगोलग नऊ मिनिटे वाचवून घेतली.

वाघूरकाठ ताई, तुमच्या यादीचा क्रम चुकलेला नाही. ती यादी एकाच पर्समध्ये असते, ही तिची खरी अडचण आहे. दप्तराची चेन सातवीतला मुलगा स्वतः लावून आणू शकतो. इस्त्रीचे कपडे पती दुकानातून येताना आणू शकतात. आधी प्रत्येक कामापुढे नाव लिहा आणि मगच त्याला क्रमांक द्या.

तापीकाठ
14 जून, सायंकाळी 5:10

धुळेकर ताई, दाढेचे विचारले नव्हते, हे खरे आहे. आईला साठीच्या आतच कवळी बसवावी लागली होती. माझे याद्यांविषयीचे मत अजून तेच आहे, पण ते आईच्या उदाहरणावरून सिद्ध होत नाही, हे मान्य करतो.

निवृत्त_गार्ड
14 जून, रात्री 9:00

भुसावळहून लिहितो आहे. मी आधी मालगाडीवर आणि नंतर पॅसेंजरवर गार्ड होतो. 2022 पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी निवृत्त झालो तो गार्ड म्हणूनच, तेव्हा तेच नाव राहू द्यावे.

कामांचा क्रम लावणे हा कोणती गाडी आधी सोडायची हे ठरवणाऱ्या कंट्रोलरचा अष्टौप्रहर धंदा असतो, म्हणून त्याची रीत सांगतो. अपघात मदत गाडी निघाली की सर्वांनी बाजूला व्हायचे, त्यात वाद नाही. मग वेगवान गाड्या, मेल-एक्स्प्रेस, पॅसेंजर आणि सर्वांत शेवटी मालगाडी. नव्या माणसाला वाटते की एवढे पाठ केले की झाले, आणि तो मालगाडीला लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घालून विसरून जातो. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा मान तिच्यापेक्षा मोठाच असतो, त्यामुळे नियमाने पाहिले तर तिला कधीच सोडता येणार नाही. मग तीन गोष्टी होतात. गाडीवरच्या माणसांचे ड्युटीचे तास भरत येतात. लूप अडकल्यामुळे पुढच्या गाडीला बाजूला घ्यायला जागा राहत नाही. आणि एका खालच्या दर्जाच्या गाडीपायी मागची मेलही रखडते. चांगला कंट्रोलर गाडीचा दर्जा पाहतो आणि ती किती वेळ उभी आहे हेही पाहतो. वेळ भरत आली की तो दोन एक्स्प्रेसच्या मधली फट हेरून तिला पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत काढून देतो. तुमची तीन कामे एप्रिलपासून लूपवर उभी आहेत. आता त्यांचा दर्जा न पाहता त्यांचा मुक्काम पाहावा.

रेल्वेत आणखी एक गोष्ट असते ती ब्लॉकची. रूळ आज धड असतात, गाड्या धावत असतात, कोणाची तक्रार नसते, तरीही ठरलेल्या दिवशी ठरलेले तास गाड्या थांबवून रुळांची देखभाल करतात. प्रवासी चिडतात, शिव्या देतात. ब्लॉक रद्द करत गेलात तर त्या मार्गावर वेगमर्यादा लावावी लागते आणि मग रोजच प्रत्येक गाडी उशिरा धावते. डोळे आणि दाढ ही देखभालीची कामे आहेत. त्यांना रिकामा वेळ कधीच मिळणार नाही. आठवड्यातून दीड तासाचा ब्लॉक घ्या, घरात आधी जाहीर करा, आणि त्या वेळात घरातल्या एक्स्प्रेस गाड्या खुशाल थांबू द्या.

वाघूरकाठ
14 जून, रात्री 10:30

काका, मुक्काम पाहायचा ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. आता यादीत प्रत्येक कामापुढे ते पहिल्यांदा कधी लिहिले त्याची तारीख टाकणार आहे.

ब्लॉकसाठी शनिवार सुचतो. शनिवारी सकाळची शाळा असते आणि दुपारी दोनपर्यंत मी घरी पोहोचते. आजवर ती दुपार आठवडाभराच्या फुटकळ कामांत जात असे. मुलीच्या कागदांचेही शनिवारीच बघावे म्हणते.

सेतू_चोपडा
15 जून, सकाळी 11:20

ताई, मी चोपडा भागात सेवा केंद्र चालवतो, म्हणून शेवटच्या वाक्यावर थांबलो. सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. "शनिवारी बघू" असे म्हणून हे काम कधीही होणार नाही. नोकरदार पालकांची निम्मी कामे याच एका कारणाने वर्षभर रखडलेली मी पाहतो.

दुसरे असे की "जात पडताळणीचे कागद" हे एक काम नाही. ते आठ-दहा कामांचे गाठोडे आहे, आणि गाठोडे यादीत लिहिले की हात कुठे घालायचा तेच कळत नाही; म्हणून ते रोज पुढे सरकते. तुमचा प्रवर्ग मला माहीत नाही. इतर मागास वर्ग असेल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी ती तारीख 21 नोव्हेंबर 1961 आणि अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आहे. हा पुरावा बहुधा आजोबांच्या शाळेत असतो. त्यांच्या प्राथमिक शाळेतून प्रवेश निर्गम उतारा (शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) मिळवणे ही पहिली गाठ आहे. ती सुटली की वंशावळ, शपथपत्र, मुलीचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला ही सगळी साधी कामे आहेत. जुन्या रजिस्टरात आडनाव किंवा जातीची नोंद वेगळी निघाली, तर मात्र महिने जातात. म्हणून मुलगी विज्ञान शाखेला जाणार असेल तर अकरावीतच लागा. बारावीचा निकाल लागल्यावर आमच्या दारात जी रांग लागते, त्यात उभे राहून रडणारे पालक मी दरवर्षी पाहतो.

यादीत आज एवढेच लिहा: "बाबांना विचारणे: पहिलीला कोणत्या गावच्या शाळेत होते?"

वाघूरकाठ
15 जून, दुपारी 12:05

आत्ताच विचारले. एरंडोल तालुक्यातील त्यांचे आजोळ निघाले. आम्ही दोन महिने धरणगावजवळच्या मूळ गावी जायचे म्हणून सवड शोधत होतो!

खापरावरची
15 जून, रात्री 8:45

मी स्वयंपाकापुरते लिहिते, कारण सकाळचा दीड तास तिथेच जातो. आमच्याकडे वैशाखात बिबड्या, कुरडया आणि पापड एकदा करून वर्षभर खाण्याची पद्धत आहे, आणि काळा मसालाही वर्षाचा एकदम होतो. हीच रीत मी आठवड्याला लावली. रविवारी कांदा आणि सुके खोबरे भाजून, वाटून, तेलावर परतून बरणीत भरून ठेवते; ते शेवभाजीला, भरल्या वांग्याला आणि एखाद्या उसळीला चालते. लसूण सोलणे मुलांकडे दिले आहे आणि ते काम ती टीव्ही पाहता पाहता करतात. यामुळे रोजची पंचवीस मिनिटे सुटतात, मी घड्याळ लावून पाहिले आहे.

पण सगळेच असे एकत्र करता येत नाही. आदल्या रात्रीची कळण्याची भाकरी सकाळी डब्यात दिली तर मुले ती तशीच परत आणतात. तेव्हा भाकरी ताजीच करते. जे ताजेच लागते आणि जे साठवता येते, एवढा भेद केला तरी पुष्कळ झाले.

हिशेबनीस
16 जून, सकाळी 7:50

खापरावरची ताईंनी घड्याळ लावले, हे फार महत्त्वाचे केले. कामाला लागणारा वेळ आपण जवळजवळ नेहमीच कमी धरतो, आणि मागच्या वेळी जास्त लागला होता हे आठवत असूनही कमी धरतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच या चुकीला 'नियोजनाचा भ्रम' या अर्थाचे नाव दिले होते. चौदा कामांची यादी मुळात सोळा तासांत बसणारी होती का, हे आपण कोणीच विचारले नाही. ताई, एक आठवडा फक्त अंदाज आणि प्रत्यक्ष असे दोन आकडे टिपून पाहा.

बोदवड_मास्तर
16 जून, रात्री 9:30

मीही शिक्षक आहे आणि मीही अप-डाऊन करतो. गाडीतला वेळ कामाला लावा असे सर्व जण सांगतात. मी दोन वर्षे गाडीत वह्या तपासल्या. मान धरली आणि चुकाही अधिक झाल्या. आता गाडीत बसलो की काही करत नाही, खिडकीबाहेर कपाशी बघतो. तो वेळ कोणत्याही यादीत टाकू नये, अशी माझी विनंती आहे. त्याऐवजी शाळेच्या गटांवरील संदेशांना दिवसातून दोनच वेळा उत्तर द्यायचे ठरवले आहे, एकदा मधल्या सुट्टीत आणि एकदा रात्री आठला. तातडीचे असेल तर मुख्याध्यापक फोन करतात. आठ महिन्यांत असे तीन वेळा झाले.

वाघूरकाठ
12 जुलै, रात्री 9:15

चार आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

खुंट्या यादीतून काढल्या. पहिल्या दिवशी कागदावर पाचच कामे उरली आणि काही तरी विसरले आहे अशी धास्ती दिवसभर वाटत राहिली. आता सवय झाली आहे. कामापुढे नाव लिहिण्याचे मात्र सहज झाले नाही. पतींनी पहिल्या आठवड्यात इस्त्रीचे कपडे दोनदा विसरले आणि मी दोनदा जाऊन आणले. मग लक्षात आले की मी आणून देते आहे तोवर ते विसरतच राहणार. तिसऱ्या वेळी गेले नाही. त्यांना चुरगळलेला शर्ट घालून एका लग्नाला जावे लागले, आणि त्यानंतर कपडे येऊ लागले.

पाण्याचे काम सासऱ्यांनी स्वतःहून मागून घेतले, हे मला अनपेक्षित होते. त्यांना बादल्या उचलता येत नाहीत, पण कोणता कॉक कधी फिरवायचा आणि पाण्याचा जोर केव्हा वाढतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. ते खुर्ची टाकून बसतात आणि नातू पिंपे भरतो. त्यांना काही काम देणे म्हणजे त्यांना त्रास देणे, अशी माझी समजूत होती.

प्रवेश निर्गम उताऱ्यासाठी मी अर्धी रजा टाकून बाबांबरोबर त्यांच्या आजोळच्या शाळेत गेले. 1957 च्या रजिस्टरात नोंद सापडली. नावात एका वेलांटीचा फरक आहे, त्यासाठी शपथपत्र करावे लागेल असे दिसते. पण गाठ सुटली. अंदाज दोन तासांचा होता, लागले पाच, कारण शाळेतून निघताना बाबांना त्यांचे एक वर्गमित्र भेटले. ते तीन तास मी कोणत्या खान्यात लिहावेत, ते हिशेबनीस यांनी सांगावे.

डोळ्यांची तपासणी पहिल्याच शनिवारच्या ब्लॉकमध्ये झाली. डॉक्टरांनी पडद्यावर मधुमेहाचे सुरुवातीचे बदल असल्याचे सांगितले आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले. मधुमेह्याने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा असतो, आणि आम्ही तीन वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. पुढची तारीख मी औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवली आहे, कारण तो डबा रोज उघडावाच लागतो. कांदेबाग भाऊंनी स्टार्टरपाशी सापळे अडकवले, तसेच हे.

सेतू_चोपडा
12 जुलै, रात्री 9:40

वेलांटीचा फरक असेल तर घाबरू नका, पण शपथपत्रात दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे स्पष्ट लिहून घ्या, आणि उताऱ्याच्या दोन साक्षांकित प्रती आजच करून ठेवा. मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका.

निवृत्त_गार्ड
12 जुलै, रात्री 10:00

दोन गाड्या मार्गी लागल्या. तिसरी अजून लूपवरच दिसते. दाढेविषयी तुम्ही एक अक्षरही लिहिलेले नाही.

वाघूरकाठ
12 जुलै, रात्री 10:25

काका, ते तुमच्या नजरेतून सुटेल अशी आशा होती. मागच्या शनिवारी ब्लॉक होता, पण दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती, म्हणून साबुदाणा, भगर आणि बाबांच्या पथ्याचे वेगळे, यातच दुपार गेली. आजची दुपार झोपेत गेली आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

येत्या शनिवारी चार वाजताची वेळ घेतली आहे. त्याच दिवशी पाण्याची पाळीही येते आहे. बाबांना आणि मुलाला सांगून ठेवले आहे, आणि मुलीने स्वतःच्या यादीत "आईला पावणेचारला घराबाहेर काढणे" असे लिहून घेतले आहे.